चार व्हीलकॅप आणि एक मीटर: सिलिकॉनचा साचा आणि रेझिनचं ओतकाम

१:२४ प्रमाणातली काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल, बांधायला घेतली तेव्हा बॉडीपेक्षा जास्त दिवस तिच्या बारीकसारीक वस्तूंनी खाल्ले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, आणि बाहेरच्या अंगाला, डावीकडे बॉनेटपाशी बसवलेलं ते यांत्रिक मीटर. मुंबईत या टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. मला ती शेल्फावर हवी होती, आणि मीटरसकट हवी होती.

एक व्हीलकॅप हाताने घडवता येते. पण चार एकसारख्या हाताने होत नाहीत. चौथीपर्यंत हात सरावलेला असतो, त्यामुळे ती पहिलीपेक्षा चांगली होते, आणि गाडीवर लावल्यावर तो फरक दिसतो. म्हणून एकच घडवायची, जीव ओतून घडवायची, तिचा सिलिकॉनचा, म्हणजे रबरासारख्या मऊ पदार्थाचा, साचा करायचा आणि बाकीच्या रेझिनमध्ये, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, ओतून काढायच्या. ते कसं करायचं, ते ज्यांनी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. आधी व्हीलकॅप, कारण तिची मागची बाजू सपाट आहे आणि एकाच भागाचा उघडा साचा पुरतो. मग मीटर, त्याला दोन भागांचा साचा लागतो. अख्ख्या बॉडीच्या वाटेला पहिल्या वर्षात जाऊ नका. पातळ भिंती, भरपूर सिलिकॉन, आणि हवा अडकायला शंभर जागा.

मूळ नमुना

साचा नमुन्यातलं सगळं उचलतो. हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यात तुमच्या चुकाही आल्या. माझ्या पहिल्या व्हीलकॅपवर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पूर्ण वाळायच्या आत मी अंगठा टेकवला होता. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. ओतलेल्या तुकड्यावर चांदीचा रंग दिल्यावर भिंगाखाली धरला, तर माझ्या अंगठ्याच्या रेषा स्पष्ट, आणि चारही कॅपांवर त्याच जागी त्याच रेषा. त्यानंतर नमुन्यावर मी हातमोजे घालूनच काम करतो.

नमुना कशाचाही चालतो: प्लास्टिक शीट, पितळेची पट्टी, पुटी, थ्रीडी प्रिंट. ४००च्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, ८०० आणि १२००पर्यंत जा, पाणी लावून घासा. मधे मधे राखाडी प्रायमरचा पातळ हात मारा, म्हणजे ओरखडे वर येतात. ज्या वस्तूवर चकाकी हवी तिचा नमुनाच चकाकता करा. सिलिकॉन चकाकीही उचलतं आणि मॅटपणाही.

नमुना रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढला असेल तर जास्त सावध राहा. न सुकलेल्या रेझिनचा अंश पृष्ठभागावर राहिला तर प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन तिथे घट्ट होतच नाही, चिकट लगदा राहतो. प्रिंट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली पूर्ण कडक होऊ द्या, वर प्रायमर किंवा लॅकरचा थर द्या. एवढं करूनही आधी एका फुकट तुकड्यावर चमचाभर सिलिकॉन ओतून बघाच.

सिलिकॉन कोणतं

बाजारात आरटीव्ही सिलिकॉन म्हणून मिळतं ते, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं. त्याच्या दोन जाती. एक टिनवाली: पांढरट बेस आणि छोट्या बाटलीतला कॅटॅलिस्ट, म्हणजे त्याला घट्ट करणारा द्रव. दुसरी प्लॅटिनमवाली: बहुतेकदा दोन सारखे भाग. प्लॅटिनमवालं जवळजवळ आटत नाही आणि साचा वर्षानुवर्षं टिकतो. पण ते फार नाजूक प्रकृतीचं: गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे, आधीच्या टिन सिलिकॉनचा उरलेला अंश, कशानेही बिघडतं. टिनवालं स्वस्त आणि सहनशील, फक्त थोडं आटतं, आणि त्याचे साचे काही वर्षांत ठिसूळ होतात. पहिल्या साच्यासाठी टिनवालंच घ्या असं माझं मत आहे. व्हीलकॅपसारख्या बोटाच्या नखाएवढ्या वस्तूत ते आटणं जाणवतही नाही. पद्मिनीचा टायर साधारण दोन फूट व्यासाचा, म्हणजे १:२४ मध्ये एक इंच. तिथे एक टक्का आटलं तर पाव मिलिमीटर जातं, आणि टायर रिमवर नीट बसत नाही. अशा एकमेकांत बसणाऱ्या वस्तूंचा नमुना केसभर मोठा करायचा.

सिलिकॉनचा मऊपणा शोअर ए या मापात सांगतात. आपल्या कामाला १५ ते ३० दरम्यानचं बरं. त्याहून कडक घेतलं तर बारीक तुकडा काढताना मोडतो.

वजनकाटा

पैसे खर्च करायचे तर इथे करा. बुडबुडे काढणारा व्हॅक्यूम पंप नंतर, कदाचित कधीच नाही. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा काही शे रुपयांत मिळतो.

हिशोब करून दाखवतो. व्हीलकॅपचा डबा ५० बाय ४० मिलिमीटर आणि सिलिकॉनची उंची १५ मिलिमीटर धरली, तर जागा ३० घन सेंटिमीटर. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम लागेल. कॅटॅलिस्ट ३ टक्के असेल तर तो झाला १.०५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमच्या उडीने चालतो, त्यावर हा एक ग्रॅम अर्धाही असू शकतो आणि दीडही. अर्धा पडला तर साचा दोन दिवस चिकट, दीड पडला तर ते नको इतक्या लवकर घट्ट. माझा पहिला साचा याच कारणाने गेला, आणि नमुना त्यात अडकला तो वेगळाच. टक्केवारी प्रत्येक उत्पादनाची वेगळी असते, बाटलीवर लिहिलेली पाळा.

वेडावाकडा डबा असेल तर त्यात नमुना ठेवून मोहरी भरा, मग ती मोहरी मोजपात्रात ओतून किती झाली ते बघा. पाण्यानेही मोजता येतं, पण नंतर सगळं वाळवत बसावं लागतं. मोहरी गोल, घरंगळत कोपऱ्यात जाते आणि डबा उपडा केला की निघून येते.

पहिला साचा: उघडा

गुळगुळीत, सपाट ॲक्रिलिकचा तुकडा घ्या. त्यावर व्हीलकॅपचा नमुना दुहेरी टेपने पक्का चिकटवा. कडेखाली फट राहिली तर सिलिकॉन तिथे घुसतं आणि साच्याला आत पातळ पापुद्रा येतो. भोवती भिंती उभ्या करा: फोमबोर्ड, ॲक्रिलिकच्या पट्ट्या, मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे, जे असेल ते. नमुन्यापासून भिंत सहा-आठ मिलिमीटर लांब, वर सिलिकॉनचा थर निदान आठ-दहा मिलिमीटर. सगळ्या सांध्यांवर बाहेरून ग्लू गन फिरवा. सिलिकॉन सुईच्या भोकातूनही गळतं, आणि गळती नेमकी रात्री होते.

प्लास्टिकच्या कपात बेस वजन करून घ्या, कॅटॅलिस्ट टाका, तीन मिनिटं सावकाश ढवळा. फेटायचं नाही, हवा आत जाते. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि पुन्हा मिनिटभर ढवळा. हा दुसरा कप अनावश्यक वाटतो, पण पहिल्या कपाच्या तळाशी न मिसळलेला बेस चिकटून राहतो आणि नेमका तोच शेवटी नमुन्यावर पडतो.

आता मऊ ब्रशने नमुन्यावर सिलिकॉनचा पातळ हात द्या, खाचाखोचांत नीट भरा. मग कप हातभर उंच धरून डब्याच्या एका कोपऱ्यात सुतासारखी धार सोडा. नमुन्यावर थेट ओतायचं नाही. धार बारीक असली की त्यातले बुडबुडे खाली पोचेपर्यंत फुटतात, आणि सिलिकॉन आपसूक सरकत नमुना झाकतं. डबा टेबलावर हलके आपटा, झाकण ठेवा, उद्यापर्यंत विसरा. टिनवाल्याला साधारण सोळा ते चोवीस तास लागतात.

साचा निघाल्यावर लगेच रेझिन ओतायचा मोह होतो. थांबा. टिन सिलिकॉन घट्ट होताना त्यातून अल्कोहोल सुटतं, ते दोन दिवस मोकळ्या हवेत उडून जाऊ द्या. नाहीतर रेझिनच्या पृष्ठभागावर बारीक फोड येतात.

रेझिन, आणि त्याआधी खिडकी

मॉडेलच्या भागांसाठी सगळ्यात सोयीचं पॉलियुरेथेन रेझिन. दोन भाग, बहुधा समसमान, हातात वेळ फक्त दोन ते सात मिनिटं, आणि अर्ध्या तासात तुकडा बाहेर. दुसरा पर्याय इपॉक्सी, जे दागिने आणि शोभेच्या वस्तूंसाठी सगळीकडे मिळतं. त्याला दिवसभर लागतो, पण घाई नसते आणि पारदर्शक निघतं, म्हणून हेडलाइटच्या काचांना उत्तम. पॉलिएस्टर रेझिन बंद खोलीत वापरू नका, त्यातल्या स्टायरीनची वाफ फार.

पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं. त्याला वास फारसा नसतो, म्हणून लोक गाफील राहतात. श्वासातून वारंवार गेलं तर शरीर त्याला संवेदनशील होतं आणि दम्याचा त्रास जन्मभर मागे लागू शकतो. खिडक्या उघड्या, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आणि सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क. साधा एन-९५ वाफेला थांबवत नाही, तो नंतर घासताना उडणाऱ्या धुळीसाठी. घरात कुणाला दमा असेल तर पॉलियुरेथेन घरात आणू नका, इपॉक्सीवर काम करा. तेही हातमोजे घालूनच, कारण इपॉक्सीने त्वचेची ॲलर्जी होते. आणि या कामाचे कप, चमचे, काटा परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

दुसरा शत्रू ओल. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन ब्रेडसारखं फुगतं. जुलैतल्या एका रविवारी मी सहा व्हीलकॅप ओतल्या. सगळ्या साच्याच्या काठावरून फुगून वर आल्या, आत नुसती जाळी. मिश्रण बरोबर होतं, काटा बरोबर होता. आठवडाभर उघड्या राहिलेल्या कागदी कपांनी आणि लाकडी काडीने हवेतली ओल शोषली होती. तेव्हापासून प्लास्टिकचे कप, स्टीलची काडी, आणि काम झालं की बाटलीचं बूच लगेच घट्ट. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मोठं ओतकाम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात नमुने घडवा.

ओतण्याआधी साच्यात ब्रशने चिमूटभर टाल्कम पावडर फिरवा आणि फुंकून जास्तीची उडवा. सिलिकॉनवर रेझिन नुसतं थेंब धरून बसतं. पावडरीमुळे ते कोपऱ्यांत ओढलं जातं. दोन्ही भाग आधी वेगवेगळ्या कपांत मोजून ठेवा, मग एकत्र करा. मात्र एक बघून घ्या: प्रमाण वजनी आहे की मापाचं? दोन द्रवांची घनता वेगळी असल्याने बाटलीवर दोन वेगळे आकडे असू शकतात. इपॉक्सीत हार्डनर (कडक करणारा दुसरा भाग) जास्त टाकला तर लवकर सुकेल असं वाटतं. तसं होत नाही, तुकडा कायमचा रबरी राहतो.

टूथपिकने थोडं रेझिन कॅपच्या कडेच्या खाचेत फिरवा, मग बाकीचं भरा, काठोकाठ आणि किंचित वर. आता ओएचपी शीटचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचा, तुकडा एका कडेने टेकवत सावकाश आडवा करा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. वर टाइल ठेवा. मागची बाजू आरशासारखी सपाट निघते आणि घासायचं काम जवळजवळ उरत नाही. व्हीलकॅप इतकी पातळ की रेझिनला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून बाटलीवर अर्धा तास लिहिला असेल तर एक तास धरा.

दुसरा साचा: मीटर

मोदकाचा साचा आठवा. दोन पाकळ्या मिटतात, कळ्या दोन्हीकडून उमटतात, आणि पीठ भरायला खाली तोंड असतं. आपला दोन भागांचा साचा हाच. फरक इतकाच की मोदकाच्या तोंडातून हात जातो, आपल्याकडे रेझिन स्वतःच्या वजनाने आत जायचं आणि हवेने बाहेर पडायचं.

मीटर म्हणजे छोटी पेटी आणि वर झेंडा, म्हणजे भाडं बसलं की फिरवून खाली करायची पट्टी. मीटर अर्धं मातीत बुडवायचं. मातीची वरची पातळी जिथे मीटरला भिडते तिथेच तुकड्यावर जोडाची रेघ येणार, म्हणून ती पेटीच्या धारेवरून न्या. धारेवरची रेघ एका हाताच्या घासण्यात जाते, सपाट पत्र्यावरून गेली तर आकडे आणि काच खराब होतात. या मातीला जितका वेळ द्याल तितका पुढे वाचतो. मी एका मीटरला तास घालवतो, ओल्या ब्रशने माती मीटरला अगदी चिकटवत. प्लॅटिनम सिलिकॉन असेल तर माती गंधकाशिवायची हवी. मोकळ्या जागेत ब्रशच्या मागच्या टोकाने चार खड्डे करा. दुसऱ्या भागावर त्याचे चार उंचवटे येतील आणि दोन्ही भाग दर वेळी एकाच जागी बसतील.

पहिला भाग ओता, सुकू द्या, डबा उलटा करा, माती काढा. मीटर त्या भागातून हलू देऊ नका, हललं की कडेखाली सिलिकॉन शिरतं. आता सगळ्यात महत्त्वाचं काम: सिलिकॉनच्या उघड्या पृष्ठभागावर व्हॅसलीनचा पातळ, सारखा हात. सिलिकॉन बहुतेक गोष्टींना चिकटत नाही, पण सिलिकॉनला (आणि काचेलाही) चिकटतं. एक जागा सुटली तर दोन भाग एक होतात आणि ब्लेडने कापावे लागतात. मात्र जाड थर लावला तर ब्रशच्या रेघाही उमटतात. मग दुसरा भाग ओता.

उघडल्यावर धारदार ब्लेडने वाटा कोरायच्या. रेझिन आत जायचं तोंड मीटरच्या त्या बाजूला, जी गाडीला चिकटणार आणि दिसणार नाही. साचा उभा धरल्यावर तोंड वर येतं, म्हणजे झेंडा खाली किंवा आडवा. ज्या ज्या टोकाला हवा वर अडकेल तिथून काठापर्यंत एक बारीक वाट काढा, सुईएवढी पुरते. पहिल्यांदा कमीच वाटा काढा. दोन-तीन तुकडे ओतून बघा. बुडबुडा दर वेळी एकाच जागी येत असेल तर तिथे हवा कोंडते आहे, वाट हवी. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर साचा ठीक आहे, तुमचं ढवळणं किंवा ओतणं घाईचं आहे. ही एक खूण कळली की निम्मे प्रश्न सुटतात.

साचा बंद करताना दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे आणि वर रबर बँड. आवळू नका, सिलिकॉन दबतं आणि चौकोनी मीटर फुगीर निघतं. ओतताना साचा किंचित तिरका धरा, भरला की हळूच दाबून सोडा, वाटांतून रेझिन डोकावलं की झालं.

निघाल्यावर

तुकडा भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, नाहीतर रंग सोलून येतो. पाण्याखाली घासा, रेझिनची धूळ छातीत जाऊ नये. वाकडा निघालेला तुकडा गरम पाण्यात मिनिटभर ठेवून सरळ करता येतो. तुकड्यावर गोल पुळी दिसली तर तिथे साच्यात बुडबुडा होता, ब्लेडने तासा; खड्डा दिसला तर बुडबुडा रेझिनमध्ये होता, पुटीने भरा. प्लास्टिक किटची सिमेंट रेझिनला धरत नाही, फेविक्विक किंवा इपॉक्सी लावा. प्रायमर मारल्याशिवाय कोणताही रंग लावू नका. व्हीलकॅपला क्रोम द्यायचा तर त्याखाली चकाकता काळा रंग हवा.

लागणार आहेत त्यापेक्षा दोन तुकडे जास्त ओतून ठेवा. एका साच्यातून किती तुकडे निघतील ते रेझिन आणि आकारावर असतं. वीस-तीस सहज, मग बारीक धारा फाटू लागतात. ठेवताना आत एक तुकडा ठेवून, पावडर लावून, सपाट ठेवा म्हणजे आकार धरून राहतो. वर मार्करने तारीख आणि कॅटॅलिस्टची टक्केवारी लिहा. मूळ नमुना वेगळ्या डबीत जपा, साचा गेल्यावर तोच कामाला येतो.

आणि दुसऱ्या कुणा हौशी माणसाने घडवून विकायला ठेवलेल्या भागाचा साचा काढून तो विकू नका. त्यानेही एका मीटरला असेच तास घातलेले असतात. स्वतःच्या गाडीची तुटलेली दिव्याची कड भरून काढायला साचा केलात तर गोष्ट वेगळी.

माझ्या गाडीला आता चारही व्हीलकॅप आहेत. मीटरचे पाच तुकडे निघाले, तिसरा सगळ्यात स्वच्छ. त्याच्या झेंड्यावर लाल रंग चढवला आहे. वरची अक्षरं अजून व्हायची आहेत, तीन केसांच्या ब्रशने.